आखाजीचा मुराळी आणि मावळतीचा वारा

वाचणाऱ्यांनी आधी मला माफ करावं. प्रवासाचं लिहिणारा माणूस लांब जाऊन आलेला असतो, निदान एखादा समुद्र तरी ओलांडलेला असतो. मी जामनेरहून निघालो, धुळ्याच्या पुढं साक्रीच्या रस्त्यावरच्या एका गावाला गेलो आणि परत आलो, तेही एसटीनं. एवढ्याशा गोष्टीवर लिहायला बसणं हा आगाऊपणा आहे, हे मला कळतं. शिवाय आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. लिहिलेलं बरं झालं की वाईट, हे दाखवून घ्यायला घरात कोणी नाही. पण आमचे भौतिकशास्त्राचे सर म्हणाले, "काय पाहिलंस ते लिही. काय कळलं ते नंतर बघू." म्हणून लिहितो. चुकलं तर सांभाळून घ्या.

खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी दोन गोष्टी सांगतो. अक्षय्य तृतीयेला आमच्याकडं आखाजी म्हणतात आणि तिचा थाट दिवाळीहून मोठा असतो. ऐन उन्हाळ्यात लग्न झालेल्या मुली माहेरी येतात, लिंबाच्या फांदीला झोके बांधतात, आणि घरातल्या वारलेल्या माणसाच्या नावानं मातीची घागर पाण्यानं भरून पुजतात. मुलीला सासरहून आणायला जो भाऊ जातो तो मुराळी. यंदा मुराळी मी होतो, आणि आणायचं होतं माझ्या थोरल्या बहिणीला. तिला मी अक्का म्हणतो. तिला सातवा महिना होता.

यंदा आखाजीच्या तोंडावर एक वेगळीच काळजी आली. समुद्रापलीकडं, आमच्या पश्चिमेला, युद्ध पेटलं होतं. तिथल्या एका अणुवीज केंद्रावर बॉम्ब पडल्याची बातमी आली. गळती झाली असं काही जण सांगत होते, झालीच नाही असं दुसरे सांगत होते. त्या केंद्रापासून फार लांब नाही अशा ठिकाणी, पण सरहद्दीच्या अलीकडं, दुसऱ्या देशात माझे दाजी, म्हणजे अक्काचे यजमान, फिटर म्हणून कामाला आहेत. बातमी आल्यापासून त्यांचा फोन नव्हता.

जळगाव

मी जळगावात मेहरूणला खोली घेऊन राहतो. तलावाच्या बाजूनं संध्याकाळी जरा गार वाटतं, म्हणून पोरं तिथं फिरायला येतात. त्या आठवड्यात तिथं एकच विषय होता. प्रत्येकाच्या मोबाईलवर एक नकाशा फिरत होता. त्यात पश्चिमेकडून एक लाल ढग सरळ गुजरातवरून आमच्याकडं येताना दाखवला होता. तो कोणी काढला, कशावरून काढला, हे कोणालाच माहीत नव्हतं.

मी तो नकाशा सरांना दाखवला. त्यांनी प्रयोगशाळेतला टेबलफॅन लावला, बारीक वाळू आणि खडूची भुकटी मुठीत एकत्र केली आणि पंख्यासमोर हळूहळू सोडली. वाळू टेबलावरच पडली. भुकटी टेबल ओलांडून गेली, थोडी दारापाशी बसली, थोडी दाराबाहेर गेली. आणि थोडी सरांच्या चष्म्यावर.

"टेबल कुठं संपतं, हे भुकटीला माहीत नसतं," सर चष्मा पुसत म्हणाले. मग त्यांनी चेर्नोबिलचं सांगितलं. तिथला अपघात झाला तेव्हा त्या देशाच्या सरकारनं लगेच काहीच जाहीर केलं नाही. बाहेरच्या जगाला पहिली शंका आली ती स्वीडनमध्ये, शेकडो मैलांवर. तिथल्या एका केंद्रातला कामगार तपासणीच्या यंत्राजवळून गेला आणि त्याच्या बुटांना लागलेल्या धुळीमुळं यंत्र वाजलं. नंतर लक्षात आलं, की ज्या गावांवर त्या दिवसांत पाऊस पडला तिथं ती धूळ जास्त उतरली होती, आणि मधली कितीतरी गावं जवळ असून कमी सापडली होती.

"म्हणजे वारा आणि पाऊस. बाकी नशीब?" मी विचारलं.

"नशीब नको म्हणू. मोजमाप म्हण. आणि मोजलेलं नसेल तर माहीत नाही असं म्हण. ते जास्त अवघड असतं."

हे वाक्य मी तेव्हा ऐकून सोडून दिलं.

जामनेर

नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आमच्या बागेतल्या केळीच्या दोन फण्या गोणपाटाच्या पिशवीत घालून तयार ठेवल्या होत्या. मुराळी रिकाम्या हातानं जात नाही. माय सांजोऱ्या तळत होती आणि तळता तळता रडत होती. अक्काच्या सासूबाईंचा निरोप आला होता: औंदा पाठवत नाही, वारा खराब आहे.

"पहिलटकरीण पोरगी, अन् आखाजीले माहेरी नाही," माय म्हणाली. "तिच्या मनाले काय वाटत असीन?"

"वारा का तिकडचाच खराब हाये? इकडं काय एसी लागला?" नाना म्हणाले. मग माझ्याकडं वळले. "तू जाय. घेऊन ये तिले. सासूशी नीट बोलजो. तुझं कॉलेज तिले शिकवजो नको."

मी हो म्हणालो. पण मनात मी भाषण तयार करायला लागलो होतो. आमच्या घरातल्या कोणाला ज्याची गरज पडेल असं काही मला पहिल्यांदाच येत होतं.

भडगाव

पाचोऱ्यावरून भडगावला पोचलो तेव्हा धुळ्याची गाडी नुकतीच सुटली होती. मी तिच्यामागं पिशवी घेऊन पळालो, कंडक्टरनं मला पाहिलंही, पण दोन फण्या केळी घेऊन कोणी किती पळणार? पुढची गाडी दुपारनंतर होती. गिरणेच्या पुलापर्यंत जाऊन आलो. नदीत पाण्यापेक्षा वाळू जास्त होती, आणि वारा ती वाळू उचलून पुलावर आणत होता. माझ्या दातांत कचकच लागली तेव्हा मला सरांचा टेबलफॅन आठवला. वारा पश्चिमेकडूनच येत होता. उन्हाळ्यात आमच्याकडं तो तिकडूनच येतो. एरवी याचा कोणी विचारही करत नाही.

स्टँडसमोर शेवभाजी खाल्ली. जामनेरची शेवभाजी तिखट असते असं मला वाटायचं. भडगावची खाऊन ते मत बदललं. पाणी पिऊन तोंड धुतो तोच शेजारच्या किराणा दुकानासमोर गर्दी दिसली. दुकानदार शेठ राजस्थानातल्या घराण्यातले, पण आजोबांपासून इथलेच. एका अहिराणी बोलणाऱ्या बाईशी त्यांचं चाललं होतं.

"ताई, एका घराला मिठाच्या दोनच पुड्या."

"आमनं घर मोठं शे, शेठ."

"मोठं असलं तरी भाजीत घालायला दोन पुरतील की."

"भाजीले कोन मांगस? वाराले मांगस!"

सगळे हसले, ती बाईही हसली, पण पुड्या घेतल्याशिवाय हलली नाही. आयोडीनचं मीठ खाल्लं की अणूची धूळ बाधत नाही, असा मेसेज आला होता. शेठनी माझ्या पाठीवरची कॉलेजची बॅग पाहून मलाच विचारलं, "तुम्ही सांगा भाऊ, खरं आहे का हे?"

मी घाबरत घाबरत सांगितलं, की अपघाताच्या जवळ राहणाऱ्यांना आयोडीनच्या गोळ्या देतात, पण त्या डॉक्टरांच्या सांगण्यावरून, आणि त्यांचा डोस वेगळाच असतो. मिठात आयोडीन इतकं थोडं असतं, की गोळीएवढं मिठातून घ्यायला गेलं तर माणूस मिठानंच आजारी पडेल.

"हेच मी सकाळपासून सांगतोय," शेठ म्हणाले, "तर म्हणतात, शेठला माल दाबायचाय." मग ते खाली वाकले आणि दोन पुड्या माझ्यासमोर ठेवल्या. "तुमच्या दोन."

"मला नको, शेठ. आताच तर मी..."

"पिशवीवरून मुराळी दिसता. बहिणीकडं चाललात ना? असू द्या."

आणि मी घेतल्या. का घेतल्या हे मला आजही नीट सांगता येत नाही.

धुळ्याच्या पुढं

धुळ्याला गाडी बदलली. साक्रीच्या रस्त्याला लागलं की जमीन उघडी होत जाते, टेकड्या दिसू लागतात आणि त्या टेकड्यांवर पवनचक्क्या. जामनेरकडच्या माणसाला केळीच्या बागांची सवय. इथं नजर अडवायला काही नाही. पवनचक्क्या इतक्या उंच, की त्यांच्यापुढं डोंगर बसल्यासारखे वाटतात. आणि त्या सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला होती. वारा ज्या बाजूनं येतो तिकडं त्या तोंड फिरवून उभ्या राहतात. त्या दिवशी सगळ्या मावळतीकडं बघत होत्या.

अक्काच्या सासूबाईंना मी मावशी म्हणतो. त्यांचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. घरात त्या आणि अक्का अशा दोघीच. दार बंद होतं, खिडक्यांवर ओली गोणपाटं टांगली होती. मी हाक मारल्यावर दार बोटभर उघडलं.

"कोन? मुराळी का? पाठवाव नही सांगं व्हतं ना मी?" मग माझं घामेजलेलं तोंड बघून, आलो तर आलो असं ठरवून, म्हणाल्या, "ऊना तं ऊना. बूट तठेच काढ. हातपाय धू. डोकं बी धू."

अंगणातच मला डोक्यावरून दोन तांबे घ्यावे लागले. आतून अक्काचं हसू ऐकू आलं. "तुला निदान पाव्हणा म्हणून गार पाणी मिळालं. दूधवाल्याला तर रोज उंबऱ्याबाहेर उभा करतात!"

अक्का पोट सांभाळत, भिंतीला धरून उभी होती. चेहरा भरला होता, डोळ्यांखाली मात्र काळं होतं. घरात उकडत होतं. मी पिशवी रिकामी केली, केळी आणि मायच्या सांजोऱ्या फडताळात ठेवल्या, आणि मिठाच्या पुड्या ठेवायला गेलो तर तिथं आधीच मिठाच्या पुड्यांची रांग. माझ्या दोन पुड्या बघून मावशींचा चेहरा प्रथमच जरा मोकळा झाला. "शिकेल पोऱ्या शे. त्याले बी माहीत शे," त्या अक्काला म्हणाल्या. मी माझ्या पुड्या रांगेत लावल्या.

जेवायला फुनके आणि कढी होती. तुरीच्या भरड डाळीचे वाफवलेले मुटके म्हणजे फुनके, ते कढीत कुस्करून खायचे. आमच्याकडंही करतात. पण या कढीचा पहिला घास घेतला आणि माझे कान गरम झाले. इतकं मीठ! अक्का मान खाली घालून जेवत होती, तिचे खांदे हलत होते. मावशी स्वतः तीच कढी निमूटपणे पीत होत्या. मीही प्यायलो.

ऊन उतरल्यावर मावशी मला मागच्या दारात घेऊन गेल्या. तिथून पवनचक्क्यांची टेकडी दिसते.

"दख," त्या म्हणाल्या. "बठ्ठा पंखा मावळतीकडे तोंड करी उभा शेत. बातमी ऊनी तवयपाइन एक बी फिरना नही. वारा तठलाच शे. मंग मी पोटुशी पोरले एसटीमा कशी बसाडू?"

माझं भाषण तयारच होतं. मी सांगायला लागलो. जड धूळ जवळच पडते, बारीक धूळ लांब जाते, पण जाता जाता पसरते, विरळ होते. खालचा वारा एकीकडं आणि वरचा दुसरीकडं असू शकतो. मधे एवढा मोठा समुद्र आहे. तिकडची धूळ इथं आलीच, तरी फार थोडी असेल. मावशी ऐकत होत्या. त्या ऐकतायत म्हणून मला चेव आला.

"आणि मावशी, थोडा किरणोत्सार तर सगळीकडंच असतो. दगडात असतो, भिंतीत असतो, आपल्या अंगात असतो. आपल्या केळ्यात सुद्धा असतो!"

"केयामा?"

"हो. केळ्यात तर जरा जास्तच. म्हणजे घाबरण्यासारखं नाही, उलट..."

पण मावशी आत निघून गेल्या होत्या. मला वाटलं, पटलं.

केळ्यांचा दिवस

सकाळी फडताळात केळी नव्हती. सांजोऱ्या होत्या, मीठ होतं, केळी नव्हती. शोधत बाहेर आलो तर घराच्या उगवतीकडं, पार कुंपणापलीकडच्या बाभळीला गोणपाटाची पिशवी टांगलेली.

"तठे कसाले?" मी मावशींच्याच बोलीत विचारलं.

"वारा घरवरथाईन तिकडे जास," त्या म्हणाल्या. "केयामानं तठलं तठेच जाई. घरमा येवाव नही. तूच सांगं ना?"

मी सांगितलं होतं खरं. पश्चिमेचा वारा घर ओलांडून बाभळीकडं जात होता, आणि केळ्यातलं जे काही असेल ते त्याच्याबरोबर उगवतीला. माझ्या भाषणातलं एवढं एकच त्यांनी वापरलं होतं. अक्काला हे कळलं तेव्हा तिला हसून हसून बसावं लागलं. "जामनेरचा माणूस! मुराळी म्हणून आला आणि स्वतःच्याच बागेच्या केळ्यांना बाटवून बसला! नानांना कळू दे!"

त्यात शेजारच्यांच्या शेळीनं बाभळीवर पाय टेकून पिशवी फाडली आणि एक फणी सालींसकट फस्त केली. मावशी धावल्या, पण उशीर झाला होता. उरलेली फणी त्यांनी उंच फांदीला बांधली. मग दिवसभर काम करता करता त्या कुंपणापाशी जाऊन शेळीला बघून यायच्या. दुपारी मलाही बघायला पाठवलं.

"काय करी राह्यनी ती?"

"आणखी काहीतरी खातेय, मावशी."

"हं," त्या म्हणाल्या. 

दुपारी मावशी शेजारी बिबडे लाटायला गेल्या. ज्वारीच्या पिठाच्या या पापडांना बिबडे म्हणतात. एरवी ते अंगणात खाटेवर वाळतात, यंदा सगळ्यांनी घरात पंख्याखाली घातले होते. मी अक्काला म्हणालो, "मला नीट समजावता आलं नाही. आणखी एकदा सांगून बघतो."

अक्कानं मोबाईल पोटावर ठेवला होता. तो ती खाली ठेवतच नव्हती.

"वाऱ्याचं तू कितीही सांग," ती म्हणाली. "त्या वाऱ्याला भितात हे खरं आहे. पण नुसत्या वाऱ्याला नाही. यांचा फोन येतो तो या मोबाईलवर, इंटरनेटवरून. सासूबाईंच्या बटणांच्या फोनवर येत नाही. मी जामनेरला गेले की हा जातो. मग त्यांना मुलाची बातमी कोण देणार? मी तिथून देईन, पण ती कोणाच्या तरी मुखातून. रोज माझ्याशेजारी बसून जेवतात, बघितलंस ना? पूर्वी चुलीपाशी बसायच्या."

"मग मोबाईल त्यांच्याजवळ ठेवून..."

तिनं मोबाईल दोन्ही हातांनी पोटाशी धरला. 

संध्याकाळी मावशी परत मागच्या दारात उभ्या होत्या. मी जवळ गेलो. टेकडीवरची पाती फिरत होती.  त्यांनी विचारलं, "तठे, मना पोऱ्या शे तठे, कितला ऊना व्हयी तो धुरया?"

दाजींकडं किती धूळ आली असेल, याची माझ्याजवळ पुष्कळ उत्तरं होती. मधे डोंगर आहेत, कंपनी काळजी घेत असेल, बातम्या वाढवून सांगतात. पण यातलं काहीच मी मोजलेलं नव्हतं.

"माहीत नाही, मावशी," मी म्हणालो. "खरंच माहीत नाही."

मला वाटलं त्या चिडतील. त्या पायरीवर बसल्या आणि मला शेजारी बसायला हात केला.

"कालदिनपाइन तू पहिल्यांदा माले समजी आशी बोलना," त्या म्हणाल्या. मग टेकडीकडंच बघत, हळूच: "आखाजीले याना बापनी घागर भरस मी. औंदा बी एकच भरनी शे, भो. एकच."

त्यांना दाजींच्या नावाची दुसरी घागर भरायची नव्हती, हे कळायला मला क्षणभर लागला.  जे तोंडात आलं ते बोललो.

"मावशी, तुम्ही बी चला ना आमच्याकडं. अक्काबरोबर."

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी परत केळ्यांबद्दल काही बोललो. आमच्याकडं आखाजीला लेकी माहेरी जातात. सुनेच्या माहेरी तिची सासू सण करायला जात नाही.

"मी? याहीनना घर? आखाजीले?" मग स्वतःशीच बोलल्यासारखं: "मना भाऊ गया, तवयपाइन माले कोनी लेवाले ऊना नही."

"मी आलोय ना."

"तू तुनी बहीनले लेवाले ऊना."

"गाडीत दोघींना जागा होईल," मी म्हणालो. याहून चांगलं काही मला बोलता यायला हवं होतं.

मावशी उठल्या, पदर झाडला आणि आत गेल्या. 

परतीची एसटी

सकाळी उठलो तर त्या नवं लुगडं नेसून ओट्यावर बसल्या होत्या. मांडीवर जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेली मातीची कोरी घागर. पायाशी केळ्यांची पिशवी. अक्काच्या डोक्यातोंडाला त्यांनी स्वतः ओला पंचा गुंडाळला होता, नुसते डोळे दिसत होते. त्या डोळ्यांनी अक्का मला विचारत होती, तू केलंस तरी काय?

गाडीत गर्दी होती. कंडक्टर तरुण आणि बोलका.

"आजी, या घागरनं बी तिकीट फाडू का?"

"फाड, भो," मावशी म्हणाल्या. "मना मालक शेत तिनामा."

आजूबाजूचे हसता हसता थांबले. कंडक्टरनं पुढच्या बाकावरच्या दोन पोरांना उठवलं आणि मावशी, अक्का आणि घागर यांना तिथं बसवलं. तिकिटं त्यानं आमची तिघांचीच फाडली.

धुळं सोडल्यावर मावशींनी पिशवीत हात घालून एक केळं काढलं. ते उलटसुलट बघितलं. "शेळी बरी शे," एवढंच बोलून सोललं आणि खाल्लं. मग अर्ध्या वाटेपर्यंत आम्ही तिघं केळीच खात होतो. भडगावला गाडी थांबली तेव्हा शेठच्या दुकानापुढं कोणी नव्हतं. मिठाच्या पुड्या समोरच रचलेल्या होत्या. लोक आता कशासाठी रांग लावत होते, ते समजलं नाही. शेठनी मला ओळखून हात केला.

वाटेत प्रत्येक गावाशी अक्काचा मोबाईल रेंज सोडायचा, परत धरायचा. रेंज गेली की मावशी तिच्या हाताकडं बघायच्या. आली की खिडकीबाहेर.

आखाजी

आमच्या दारात विहीण पाहून मायचं पीठ हातातच राहिलं. पण ती लगेच पुढं झाली, पायांवर पाणी घातलं. अडचण घागरीची होती. परक्या घरात दुसऱ्या कुळाची घागर भरावी का, यावर गल्लीतल्या म्हाताऱ्या बायकांत कुजबुज सुरू झाली. नानांनी ती मोडून काढली. "पाणी इथलं काय अन् तिथलं काय! तहान लागलेल्या माणसानं का गाव इचारावं?" आमच्या आजोबांच्या घागरीशेजारी मावशींची घागर बसली. खापरावर भाजलेल्या पुरणाच्या पोळ्यांचा आणि आमरसाचा नैवेद्य दाखवला. मिठाला मायनंच हात लावला, मावशींना लावू दिला नाही. अक्कानं तिला आधीच सांगून ठेवलं होतं.

दुपारी लिंबाखाली झोका बांधला. अक्काला झोक्यावर बसायला सगळ्यांनी मनाई केली, म्हणून पोरींनी मावशींना धरून बसवलं. त्या नको नको म्हणत बसल्या. पहिला झोका गेला तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले होते. दुसऱ्याला उघडले. लिंबाच्या पाल्यातून तोच पश्चिमेचा वारा येत होता, आणि कोणाच्या डोक्याला पंचा नव्हता.

तेवढ्यात अक्काचा मोबाईल वाजला. फोन नव्हता, पाठवलेला आवाज होता. अक्कानं मोबाईल माझ्या हातात दिला आणि तो आवाज मी लावला. दाजी बोलत होते. आवाज बसलेला, पण त्यांचाच.

"सुनंदा, मी बरा शे. आम्हाले बठ्ठासले खोल्यासमा कोंडी ठेयेल व्हतं, खिडक्यासले पट्ट्या लाईसन. मोबाईल बंद व्हतात. आते मोजी गयात. आमनाकडे काहीच ऊनं नही, वाराच फिरी गया. मायले सांग. तुनी तब्येत सांभाय."

अक्का रडायला लागली, माय रडायला लागली, नाना लिंबाकडं तोंड करून उभे राहिले. पोरींनी झोका धरून थांबवला. मावशी उतरल्या, माझ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, "परत लाव." मी लावला. "परत." परत लावला. तिसऱ्यांदा ऐकताना त्यांच्या तोंडावर ऊन पडल्यासारखं झालं होतं. मग ते हळूहळू सरलं.

"वारा फिरी गया म्हने," त्या म्हणाल्या. "मंग तो कोनाकडे गया?"

मी नकाशा उघडला. दाजींचं ठिकाण सापडलं, केंद्र सापडलं. केंद्रापासून दाजींच्या उलट बाजूला बोट सरकवत गेलो. तिकडं वाळवंट असेल अशी माझी आशा होती. पण नकाशा मोठा केला तसे तिथं बारीक बारीक ठिपके उमटले. प्रत्येक ठिपक्याशेजारी मला वाचता न येणाऱ्या लिपीत एक नाव होतं.

मावशी माझ्या खांद्यावरून वाकून बघत होत्या.

"ह्या गावे शेत का?" त्यांनी विचारलं.

"हो, मावशी," मी म्हणालो. "गावंच आहेत."